जेवायला थांबतो

कॉव्हेंट्री
९ फेब्रुवारी २०२५

ताईस नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

नकुलचं सगळं ३१ जानेवारीला पार पडलं. हिपचं ऑपरेशन झाल्यावर तुला एवढा प्रवास जमणार नव्हता, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. क्रेमॅटोरियम मँचेस्टरच्या बाहेर आहे. आत शंभरेक माणसं मावतात. तेवढीच बाहेर पावसात उभी होती, बहुतेकांच्या अंगावर फुटबॉल क्लबचे कोट. अन्वी तिच्या आईजवळ बसली होती. नकुलशी घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली, तरी तिची आई पहिल्या रांगेत बसली हे मला बरं वाटलं. डॉक्टर म्हणाले, तो मुलांचा सराव घेताना मैदानावर पडला तेव्हाच संपलं होतं, त्याला काही कळलं नसेल. शेवटी एक बटण दाबायचं असतं. ते मी दाबलं.

नंतर चहाच्या वेळी देव नावाचा एक तरुण माझ्याजवळ आला. पंचविशीतला, आता इलेक्ट्रिशियन आहे. अठराव्या वर्षी क्लबने त्याला काढलं. क्लबला मुलगा नको असला की कोचने त्याला आणि त्याच्या वडिलांना खोलीत बोलावून तोंडावर सांगायचं, अशी तिथली पद्धत. ते काम नकुलचं असे. देव म्हणाला की नकुलने आधी नाही म्हणून सांगितलं, कारणं सांगितली, आणि मग म्हणाला, "मी अठरा वर्षांचा असताना माझ्या वडिलांनी मला आमच्या भाषेत पत्र लिहिलं होतं. खेळ चांगला झाला तर फोन कर. नाही झाला तर घरीच ये, मी जेवायला थांबतो."

देव पुढे म्हणाला, "माझे डॅड त्या दिवशी इतके चिडले होते की माझ्याकडे बघतही नव्हते. हे ऐकलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, चिप्स खाऊन जाऊ या. सर, ज्या हाताने ते लिहिलं तो मला हातात घ्यायचा होता." आणि त्याने माझा हात हातात घेतला. त्याच्यानंतर आणखी तिघांनी मला हेच सांगितलं.

त्या खोलीबाहेरच्या भिंतीवर ही वाक्यं माझ्या नावासकट रंगवायचं क्लबच्या मनात आहे. २९ मार्चला कार्यक्रम आहे आणि मी चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे.

ताई, मी ते लिहिलेलं नाही. १९९५ साली तो तुझ्याकडे राहत होता, तेव्हा मी त्याला एकच पत्र पाठवलं. मराठीत. त्याला मराठी वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तू वाचून दाखवशील हेही माहीत होतं. मी काय लिहिलं ते मला पक्कं आठवतं. तू काय वाचलंस?

जयंत


वॉटफर्ड
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय जयंत, आशीर्वाद.

पत्र मिळालं. बटणाचं वाचून मी कागद बाजूला ठेवला, दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

माझं बरं चाललं आहे. वॉकर घेऊन किचनपर्यंत जाते. व्यायाम करून घ्यायला फिजिओची मुलगी आठवड्यातून दोनदा येते आणि मला रागावते.

तो माझ्याकडे राहायला आला तेव्हाचं आठवत बसते. इथला वॉटफर्डचा क्लब त्या वयाच्या मुलांना गावातल्या कुटुंबांत ठेवायचा, तसा तो सोळाव्या वर्षी माझ्याकडे आला. सख्खी आत्या जवळच राहते म्हटल्यावर क्लबवाले खूश. त्यांच्या बाईंनी मला एक छापील कागद दिला, मुलाला रोज काय खायला घालायचं त्याचा. त्यात चार दिवस चिकन. मी तो फ्रिजवर लावला आणि त्याला मटकीची उसळ दिली. बाई तपासायला आल्या तेव्हा हा गंभीर चेहऱ्याने त्यांना म्हणाला, "आत्याचं चिकन फार छान असतं." त्या गेल्यावर आम्ही दोघं किती हसलो. आठ पोळ्या खायचा. बूट बाहेर काढ म्हणून रोज सांगायला लागायचं.

पत्राचं म्हणशील तर तीस वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार. काहीतरी वाचलं असेल. मुलं ऐकलेलं वाढवून सांगतात, त्यातून इंग्रजीत गेलं की आणखी बदलतं. ते भिंतीवर लिहिणार असतील तर लिहू दे. वाईट तर काही नाही ना त्यात?

जेवणाकडे लक्ष दे. नुसत्या टोस्टवर राहू नकोस.

ताई


कॉव्हेंट्री
२० फेब्रुवारी २०२५

ताईस नमस्कार.

शनिवारी अन्वी ट्रेनने येऊन गेली. नकुलची कोचिंगची बॅग घेऊन आली होती. क्लबने ती तिच्याकडे दिली, आणि ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, याच्यातला एक मराठी पेपर आहे, तो तुमचा आहे असं मला वाटली." बॅगेत शिट्टी, स्टॉपवॉच, दोन वह्या, एक ओला टॉवेल. टॉवेल कोणी काढलाच नव्हता. मी तो धुतला.

पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. घडीवर फाटलं आहे, तिथे चिकटपट्टी लावली आहे. तुला आठवत नाही म्हणतेस, म्हणून उतरवून देतो.

"नकुल, तुझ्या आईला जाऊन पाच दिवस झाले आणि तू बॅग भरलीस. दहाव्याला माझ्याजवळ कोणी नव्हतं. गुरुजींनी विचारलं मुलगा कुठे आहे. मी सांगितलं, खेळायला गेला आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तुला संघात जागा हवी होती, ती मिळाली. या घरात आता तुझी जागा नाही. माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. मी गेलो तरी येऊ नकोस."

मागच्या बाजूला आणखी आहे, ते उतरवत नाही. खाली 'बाबा' असं लिहिलेलं नाही. 'जयंत' लिहिलं आहे.

पाचव्या दिवशी तूच त्याला तुझ्या गाडीतून वॉटफर्डला नेलंस. म्हणूनच ते मराठीत लिहिलं. तुम्हा दोघांनाही ऐकवायचं होतं.

नंतर मे महिन्यात, सीझन संपल्यावर, तो आंब्याची पेटी घेऊन घरी आला. काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पाया पडला आणि विचारलं, "बाबा, जेवायला काय आहे?" मला वाटलं, याला काही लाजलज्जाच नाही. मी वाढलं. त्यानंतर आम्ही एकोणतीस वर्षं हवा, बॉयलर आणि अन्वीची शाळा यांबद्दलच बोललो. मी विचारलं नाही. त्याने काढलं नाही.

तू काय वाचलंस ते आता लिही.

जयंत


वॉटफर्ड
२५ फेब्रुवारी २०२५

जयंत,

मला सगळं आठवतं. आधी खोटं लिहिलं.

सोमवार होता. तो सरावाहून ओल्या केसांनी आला. पाकिटावरचं तुझं अक्षर त्याने ओळखलं आणि म्हणाला, "बाबांचं पत्र! आत्या, वाच ना." वॉशिंग मशीनला टेकून खाली फरशीवर बसला. मी उघडलं. पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघत होता. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्या शनिवारी तो वीस मिनिटं खेळला आणि नंतर तासभर बाथरूममधून बाहेर आला नाही, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू विचारलंही नव्हतंस.

मग मी वाचलं, "खेळ चांगला झाला तर फोन कर. नाही झाला तर घरीच ये, मी जेवायला थांबतो." तो म्हणाला, "एवढंच? दोन्ही बाजूंना लिहिलंय की." मी म्हटलं, बाकीचं आईबद्दल आहे, ते नंतर वाचू. त्याने विचारलं, "थांबतो म्हणजे बाबा खरंच जेवणार नाहीत?" मी म्हटलं, नाही जेवणार. तो उठला आणि त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

ते शब्द मी बनवलेले नाहीत. इंटरला तू नापास झालास तेव्हा सांगलीला दिवसभर कुठेतरी फिरत राहिलास, आठवतं? नाना ताटावर बसून राहिले. आई म्हणाली, जेवून घ्या. ते म्हणाले, पास झाला असता तर मित्रांकडे गेला असता, नापास झालाय, घरीच येईल, मी थांबतो. तू आलास तेव्हा भात गार झाला होता. त्यांनी तुला निकाल विचारलासुद्धा नाही. हे तुझ्यासाठी झालं होतं, म्हणून मला वाटलं तू तुझ्या मुलासाठी तेच लिहायला हवं होतंस.

आणि एक सांगते. तू पत्र पेटीत टाकून मोकळा झालास. वाचायचं होतं मला. आई गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे माझ्या तोंडून ऐकवायचं तू ठरवलंस, आणि मला विचारलं नाहीस. तुला माझा राग आला असेल तर येऊ दे. मला तुझा तीस वर्षं आहे.

२९ तारखेला खरं सांगत बसू नकोस. नकुलला काही माहीत नव्हतं. ते खरं समजून तो जगला आणि तसाच गेला. तेवढं तरी राहू दे.

ताई


कॉव्हेंट्री
१० मार्च २०२५

ताईस नमस्कार.

नानांचं मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तू लिहिल्यावर गार भातसुद्धा आठवला.

तुझ्यावर राग नाही. पण त्याला माहीत नव्हतं असं तू लिहितेस, ते बरोबर नाही.

प्लॅस्टिकच्या पाकिटात पत्रामागे पुठ्ठा होता. तो वाकला होता म्हणून बदलायला काढला, तर मागे आणखी एक कागद निघाला. माझ्या पत्राचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही बाजूंचं, एकही वाक्य न गाळता. खाली तारीख १२ सप्टेंबर २००९ आणि 'ईशिता' अशी सही.

ईशिता क्लबची फिजिओ आहे, पुण्याची. फ्युनरलला भेटली होती, पण माझ्याशी फार बोलली नव्हती. का, ते आता कळलं. मी तिला फोन केला. तिने आधी कागद कुठे सापडला ते विचारलं. मग म्हणाली, "काका, तुम्हाला कधी ना कधी सापडेल अशी मला भीती होती."

२००९ मध्ये ती मँचेस्टरला शिकत होती आणि क्लबमध्ये शिकाऊ म्हणून येत होती. नकुलचं खेळणं गुडघ्यामुळे संपून तीन वर्षं झाली होती, कोच म्हणून तो तिथे नवीन होता. त्याला ते पत्र मुलांसाठी चांगल्या इंग्रजीत फ्रेम करून लावायचं होतं. ती मराठी म्हणून त्याने तिला दिलं. ती वाचून म्हणाली, मला जमणार नाही. त्याने कारण विचारलं. तिला खोटं सुचलं नाही. तो म्हणाला, जसं आहे तसं लिहून दे. तिने दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं, घडी केली, थँक यू म्हणाला आणि सरावाला गेला. त्या दिवशी त्याने सराव अर्धा तास जास्त घेतला, एवढं तिला आठवतं. पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही.

२००९ च्या दिवाळीला तो घरी आला नाही. मॅच आहे म्हणाला. पुढच्या वर्षी आला, तेव्हा बेल वाजवून दारात उभा राहिला आणि विचारलं, "बाबा, आत येऊ का?" तेव्हापासून दर वेळी. त्याच्याकडे घराची किल्ली होती, तरी. मला वाटलं इंग्रजांच्या सवयी लागल्या आहेत. एकदा मी वैतागून म्हटलं, "पाहुणा आहेस का विचारायला?" तो हसला, बूट पुसत राहिला, पण मी 'ये' म्हणेपर्यंत त्याने उंबरा ओलांडला नाही. पंधरा वर्षं तो माझ्या पत्रातल्या 'पाऊल ठेवू नकोस' या ओळीमुळे परवानगी मागत होता आणि मी त्याला दार लाव, थंडी येते आहे, असं सांगत होतो.

आणि देवला त्याने ते सांगितलं २०१७ मध्ये. म्हणजे खरं कळल्यानंतर आठ वर्षांनी.

हे कळल्यावर मला त्या भिंतीवर नाव लावून घेता येणार नाही. क्लबला कळवलं आहे की मला काय सांगायचं ते ऐका आणि मगच भिंतीचं ठरवा. मी इंग्रजीत दोन पानं लिहून ठेवली आहेत. त्यात पत्र जसंच्या तसं आहे.

जयंत


वॉटफर्ड
१६ मार्च २०२५

प्रिय जयंत,

तुझं पत्र हातात घेऊन काल दिवसभर बसले होते. फिजिओची मुलगी आली तिला परत पाठवलं.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

दर जुलैमध्ये, नवा सीझन सुरू व्हायच्या आधी, तो एक दिवस माझ्याकडे यायचा. जेवायचा, गवत कापून द्यायचा. मग बॅगेतून ते पाकीट काढायचा आणि म्हणायचा, "आत्या, वाच ना." मी वाचायचे. तेच वाक्य, तेवढंच. समोर तुझं अक्षर असायचं आणि त्यातल्या एकाही शब्दावर माझी नजर ठरायची नाही. दर वर्षी भीती वाटायची की माझा एखादा शब्द बदलेल आणि याच्या लक्षात येईल. तो डोळे मिटून ऐकायचा. झालं की पत्र पाकिटात घालून चहा मागायचा.

हे कधी सुरू झालं ते काल आठवत होते. माझ्या बागेची नवी शेड बांधली त्या उन्हाळ्यात. ते साल २०१०. त्याआधी एकदाही त्याने वाचायला सांगितलं नव्हतं.

गेल्या जुलैत माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, मला काही दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही. कागद हातात घेतला आणि सुरुवात केली, "खेळ चांगला झाला तर." तो म्हणाला, "थांब, आत्या." माझ्या हातातून कागद घेतला, फिरवला आणि परत हातात दिला. मी उलटा धरला होता. मग म्हणाला, "हं, आता वाच." आणि मी वाचलं.

मला वाटलं, घडीवरून त्याला उलटसुलट कळलं असेल. आपण निभावलं म्हणून मला हायसं वाटलं. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलंच नाही.

पंधरा वेळा वाचलं मी. त्याला सगळं माहीत असताना.

२९ ला काय बोलायचं ते तू ठरव. मी आता काही मागत नाही.

ताई


कॉव्हेंट्री
३१ मार्च २०२५

ताईस नमस्कार.

शनिवारी जाऊन आलो. अन्वी स्टेशनवर घ्यायला आली होती.

कार्यक्रम त्यांच्या कँटीनमध्ये होता. मुलं, आईवडील, स्टाफ मिळून साठ-सत्तर माणसं. ती भिंत पांढरी करून ठेवली होती, खाली जुने पेपर अंथरलेले. मी त्या खोलीतही डोकावलो. टेबल, चार खुर्च्या, खिडकीतून पार्किंग दिसतं. तिथे बसून त्याने किती वडिलांना हे सांगितलं असेल.

देव त्याच्या वडिलांना घेऊन आला होता. त्यांनी टाय बांधला होता. मला बघून त्यांनी मान हलवली. ईशिता खिडकीजवळ उभी होती. पत्रात काय आहे ते तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

माझी दोन पानं कोटाच्या खिशात होती. दुसऱ्या खिशात पत्र होतं, दाखवायला नेलं होतं. नाव पुकारल्यावर मी उभा राहिलो आणि हात पत्राच्या खिशात गेला. मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. पाकिटातून पत्र काढलं, सरळ आहे की नाही ते पाहिलं, आणि म्हटलं की आधी आमच्या भाषेत वाचतो, मग इंग्रजीत सांगतो.

"माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस" ही ओळ माझ्या अंगठ्याच्या वरच होती. माझंच अक्षर, त्या वेळी मी पेन किती दाबलं होतं ते अजून दिसतं. मी ती ओळ बघत होतो आणि वाचलं, "खेळ चांगला झाला तर फोन कर. नाही झाला तर घरीच ये, मी जेवायला थांबतो."

आवाज नीट लागला नाही. लोकांना वाटलं दुःखामुळे असेल. इंग्रजीत सांगताना शब्दांसाठी थांबावं लागलं नाही, ते नकुलचेच होते.

ईशिताने पूर्ण वेळ मान वर केली नाही. नंतर खुर्चीवर काढून ठेवलेला माझा कोट निघताना तिने आणून दिला. दोन पानं त्याच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती, ती तिने आत सरकवली.

भिंतीवर माझं नाव घालू नका, नकुलचं घाला, असं मी सांगितलं. त्यांना वाटलं मी मोठेपणा दाखवतो आहे. त्यांचा गैरसमज मी दूर केला नाही.

तू लिहिलं होतंस की त्यातल्या एकाही शब्दावर तुझी नजर ठरायची नाही. माझी ठरली. प्रत्येक शब्दावर ठरली.

जुलैमध्ये तुझ्याकडे येतो. गवत मला जमणार नाही, कोणाला तरी सांगू. पत्र बरोबर आणीन. जेवण झाल्यावर मला वाचून दाखव.

जयंत